तिसऱ्यांदा उघडलेला क्लच

गाडी माझ्या हातात असली की टेकडी चढते आणि मामांच्या हातात गेली की चढत नाही, हे बायकोने पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा मी तिच्यावरच खेकसलो. यंत्राला माणसं ओळखता येत नाहीत, असं काहीतरी म्हणालो. चोवीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाने इतकं ठामपणे बोलायला हरकत नसते. मनातून मात्र मी पार गोंधळलो होतो. आणि गोंधळलो की मी खेकसतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून माहीत आहे.

मामा म्हणजे माझे सासरे. वय अडुसष्ट. टेकडीवर पाण्याच्या तीन टाक्या आहेत. त्यांचे व्हॉल्व्ह सकाळी उघडायचे आणि संध्याकाळी बंद करायचे, हे त्यांचं काम. वर जायला रस्ता म्हणावा असं काही नाही, दगडगोट्यांतून चाकांनी पाडलेली वाट आहे. म्हणून पाणी खात्याने त्यांना एटीव्ही दिली होती. फुगीर टायरांची, मोटरसायकलसारखी टांग टाकून बसायची चारचाकी. आम्ही तिला रेडा म्हणायचो. सासूबाई गेल्यावर मामा जे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले ते वर्षभर उठेचनात. हे काम मिळालं आणि माणूस पुन्हा रोज दाढी करायला लागला. त्यामुळे रेडा बंद पडला की आमच्या घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागायचा.

पहिल्या वेळी मला काहीच अवघड वाटलं नाही. रेस दिली की इंजिन बोंबलतंय आणि चाकं आपली रमतगमत चाललीत, म्हणजे क्लच घसरतोय. शेंबडं पोरही सांगेल. रेड्याला हाताचा क्लच नाही. डाव्या पायाने गिअरचा लिव्हर दाबायचा. तो दाबला की आतला क्लच आपोआप सुटतो आणि सोडला की पकडतो. साधा, भोळा कारभार. ऑइल काढलं तर काळंकुट्ट आणि जळका वास. बाजूचं कव्हर खोललं. कव्हरचे बोल्ट लहानमोठे असतात, म्हणून मी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढतो आणि जिथला बोल्ट तिथेच भोक पाडून खोचतो. या पुठ्ठ्यावरून बायको मला चिडवते, पण माझा एक बोल्ट कधी उरलेला नाही. आतल्या प्लेटांची जाडी मोजायला व्हर्नियर लावला. अस्तर निम्मं उडालेलं, आणि मधल्या लोखंडी प्लेटा उष्णतेने निळ्या पडलेल्या. नवा संच आणला, रात्रभर ऑइलमध्ये भिजत ठेवला, सकाळी एकाआड एक बसवला, स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले. बाहेरचा ॲडजस्टमेंटचा स्क्रू अडेपर्यंत फिरवला आणि पाव आटा मागे घेतला. मग कॅरिअरवर सिमेंटची दोन पोती बांधून स्वतः टाकीपर्यंत जाऊन आलो. रेडा न कुरकुरता चढला.

सोळाव्या दिवशी तो अर्ध्या चढावर बसला. मामा चालत वर गेले, आणि खालच्या वस्तीला पाणी दुपारी आलं.

पुन्हा कव्हर, पुन्हा पुठ्ठा. सोळा दिवसांच्या प्लेटा दहा वर्षांच्या दिसत होत्या. माझं डोकं चालेना. मग मी तेच केलं जे डोकं न चालणारा माणूस करतो, दुसऱ्याला धरलं. पार्टवाल्याच्या दुकानात जाऊन जळकी प्लेट काउंटरवर आपटली.

"हा माल आहे?" मी म्हणालो.

त्याने प्लेट उलटीपालटी करून पाहिली, वास घेतला. "माल चांगला आहे, शेठ. भाजलाय कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे?"

"ते तुम्ही शोधा. मेकॅनिक तुम्ही आहात."

या बोलण्याने मी असा तापलो की दुसऱ्या दुकानातून दुसरा संच घेतला. स्प्रिंगही नव्या टाकल्या. ऑइल तर असं आणलं की डब्यावरची सगळी बारीक अक्षरं भिंग लावून वाचली, कारण मोटारीचं ऑइल अशा गाडीत घातलं तर क्लच घसरतो. ॲडजस्टमेंट तीनदा तपासली. पुन्हा पोती बांधून वर गेलो, या वेळी चार. रेडा वर जाऊन उभा राहिला.

बारा दिवस. फक्त बारा.

तिसऱ्यांदा तो टेम्पोत घालून आणला तेव्हा खात्याच्या साहेबांनी मामांना बोलावून घेतलं होतं. माणूस सभ्य होता, त्याने खुर्ची दिली, आणि सांगितलं की आणखी एकदा पाण्याला उशीर झाला तर कामावर दुसरा माणूस घ्यावा लागेल. मामांनी हे गॅरेजात येऊन मला सांगितलं. वर म्हणाले, "तुमच्या हातात दोष नाही, जावईबापू. हल्ली लोखंडच हलकं येतं."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सासऱ्याने समजून घ्यावं आणि जावयाला तोंड लपवायला जागा उरू नये, असं झालं. मला स्वतःची लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. निळ्या प्लेटा ओळीने मांडून मी त्यांच्याकडे बघत बसलो. चढ तोच, ऑइल तेच, वजन उलट माझ्या वेळी जास्त. मग क्लच जळतो कुठे?

बायको चहा घेऊन आली आणि उलट्या बादलीवर बसली.

"बाबांना चालवायला सांगून तुम्ही मागे का नाही बसत?"

"आणि काय करू? मार्क देऊ त्यांना?"

"बघा फक्त."

"अगं, पस्तीस वर्षं ट्रक चालवलाय त्यांनी. मला रिव्हर्स घ्यायला त्यांनी शिकवलं. त्यांना सांगू, मामा, जरा चालवून दाखवा, तुम्हाला येतं का बघतो?"

"काम गेलं तर पुन्हा त्या खुर्चीत बसतील ते," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "या वेळी उठायचे नाहीत."

ती उठून गेली आणि मी थंड चहा घेऊन तसाच बसून राहिलो. दुसरं कुणीही गिऱ्हाईक असतं तर पहिल्याच दिवशी म्हणालो असतो, बस गाडीवर, चालव, बघू दे काय गाढवपणा करतोस. हाच तर आमच्या धंद्याचा पहिला धडा. गाडी आणि माणूस वेगवेगळे तपासायचे नाहीत. पण मामा मला अहोजाहो करतात, मी त्यांना करतो, आणि या अहोजाहोच्या पायी मी दोन संच जाळले होते. प्रत्येक वेळी गाडी मीच चालवून बघितली, मीच पास केली आणि पुसून-बिसून त्यांच्या हवाली केली.

तिसरा संच बसवला. सकाळी मामा आले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे न बघता म्हणालो, "मामा, आज मीही येतो. मधल्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणालात ना, बघून टाकू."

"चला की," ते म्हणाले. "सोबत होईल."

मी कॅरिअरवर बसलो, त्याची लोखंडी नळी दोन्ही हातांनी धरून. सपाटीला रेडा झकास चालला. मामा चालवतात छान, खड्डा दिसायच्या आत गाडी वळलेली असते. चढाशी आल्यावर त्यांनी पायाने खटकन खालचा गिअर टाकला आणि रेस दिली. इंजिनचा आवाज वर गेला. रेडा मात्र म्हातारा झाल्यासारखा सरकायला लागला. आवाज आणखी चढला, वेग आणखी उतरला. नाकात तोच ओळखीचा जळका वास आला. कालच्या प्लेटा! काल माझ्या हातांनी बसवलेल्या!

मी मागच्या चाकांकडे पाहिलं, मग इंजिनच्या कव्हरकडे, कुठे गळतंय का म्हणून. काही नाही. मग डावीकडे वाकलो.

मामांचा जाड बूट गिअरच्या लिव्हरवर होता. गिअर टाकून झाला तरी तिथेच होता, चवडा टेकून, आरामात, सगळं वजन टाकून. लिव्हर निम्मा दबलेला, म्हणजे आत क्लच निम्मा सुटलेला, आणि वर फुल रेस.

मला आधी हसू आलं. हुश्श झालं. एवढंच! पस्तीस वर्षांचा ड्रायव्हर आणि पाय लिव्हरवर! घरी गेल्यावर बायकोला कसं रंगवून सांगायचं तेही मी मनात जुळवायला लागलो.

"मामा," मी इंजिनच्या आवाजाच्या वर ओरडलो, "डावा पाय उचला."

"उचललाय की!" ते समोर बघत ओरडले.

बूट जागचा हलला नव्हता.

थट्टा करताहेत असं वाटलं. पण मामा गाडीवर थट्टा करत नाहीत. "लिव्हरवरचा म्हणतोय मी, डावा!"

"अहो, खाली पाय ठेवायच्या पाटावर आहे तो, कधीचा!" त्यांना जरा राग आला होता. एवढं शिकवलेल्या माणसाने एवढं बाळबोध विचारावं याचा राग. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा पाय त्यांच्या मते पाटावर होता.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी एका हाताने नळी घट्ट धरली, वाकलो, दुसऱ्या हाताने त्यांचा बूट टाचेपाशी पकडला आणि उचलून लिव्हरवरून बाजूला घेतला. पाय जड होता. त्याने ना विरोध केला ना मदत. त्याच क्षणी क्लचने पकड घेतली, रेड्याने हिसका दिला आणि दगडांवरून सरळ वर झेपावला, थेट पोती बांधून मी नेला होता तसा.

"वा!" मामा मोठ्याने म्हणाले. इतके खूश ते मला सासूबाई गेल्यापासून दिसले नव्हते. "लागला बघा क्लच! झाली की गाडी! काय केलंत, जावईबापू?"

त्यांचा पाय माझ्या हातात होता, मी तो बुटाच्या वर, घोट्यापाशी, बोटं रुतेपर्यंत आवळून धरला होता, आणि ते समोरची टाकी बघत पुन्हा विचारत होते, "सांगा ना, काय केलंत?"