अग्रलेख पहिल्या पानावर गेला तेव्हा

मी एक जुना लाकडी 'प' आहे. मित्रांनो, मी आरशातला 'प' आहे बरं का. कारण कागदावर सरळ उमटायचे तर आम्हाला उलटेच कोरावे लागते. छापखान्यात बारीक मजकुरासाठी शिशाचे खिळे, म्हणजे छोटी सुटी अक्षरे असत. पहिल्या पानावरच्या मुख्य बातमीचा मथळा आला, की आम्हा मोठ्या लाकडी अक्षरांना खणातून बाहेर काढत.

एका दुपारी संपादकांनी दोन कागद खाली पाठवले: एक बातमी आणि एक अग्रलेख. दोन्ही नदीवरच्या पुलाविषयी. खिळे जुळवणारी ताई नवी होती. तिने अग्रलेख पहिल्या पानावर मांडला, त्याच्या 'पुलाची काळजी कोणाला?' या मथळ्यात मला सर्वांत पुढे उभे केले आणि बातमी आत ढकलली.

फोरमनकाका आले. उलटी अक्षरे ते सहज वाचत.

"पोरी, अग्रलेख इथं कसा?"

"अग्र म्हणजे पुढचं ना, काका? म्हणून पुढच्या पानावर घेतला."

काका हसले. "शब्दानं फसवलं तुला. अग्रलेख मानाचा खरा, पण ते आपल्या वर्तमानपत्राचं मत. ते आतल्या पानावर बसतं. पुढे बातमी लागते. वाचलीस का ती?"

"नुसती जुळवली," म्हणत ती खिळ्यांवर वाकली. पुलाच्या खांबाला तडा गेला होता. पुलावरून कोणीही जाऊ नये, असे इंजिनिअरांनी कळवले होते.

तिचा चेहरा उतरला. "काका, दादा कारखान्यातून याच पुलावरून येतो."

"मग हात चालव."

"तुमचं व्याकरण आटोपलं का?" मशीनवाला पलीकडून म्हणाला. "यंत्र केव्हाचं उपाशी बसलंय."

पान पुन्हा मांडले. मी पुढेच राहिलो, पण आता मथळा होता 'पूल धोक्याचा, जाऊ नका'. सायकलवाले लांबच्या रस्त्याने अंक घेऊन कारखान्याच्या फाटकाशी गेले.

दिवेलागणीला दादा छापखान्यात आला. "तुझ्या त्या मोठ्या अक्षरांपायी केवढा वळसा पडला! पायांचे तुकडे पडले."

ताईने स्टूल पुढे केले. "बस. आणि हवं तेवढं ओरड."

आता मी खिडकीत पडून असतो. त्याचे फारसे वाईट वाटत नाही. आम्ही मोठी अक्षरे मोजकीच होतो, म्हणून कशासाठी काढायची याचा माणसे विचार करीत. आता पडद्यावर कोणतेही अक्षर बोटाने हवे तेवढे मोठे होते. म्हणून मित्रांनो, मोठे अक्षर दिसले की जरा थांबा. ही बातमी आहे की कोणाचे मत, एवढे बघा. मत असले तर तेही वाचा, पण मत म्हणून.

त्या दिवशीचा अग्रलेखही चांगलाच होता. ताईने तो दादाला तिथेच वाचून दाखवला, आणि पाय चोळत तो शेवटपर्यंत ऐकत बसला.