डाव्या पायाची वहाण

मी एक जुनी वहाण आहे, मित्रांनो, आणि तीही एकटी, डाव्या पायाची. वहाण म्हटलं की तुम्ही नाक मुरडणार, मला ठाऊक आहे. मुरडा खुशाल! पण माझ्या मालकिणीच्या पायाबद्दल मला जे माहीत होतं, ते तिच्या घरातल्या एकालाही माहीत नव्हतं. म्हणून माझं जरा ऐकून घ्या.

अकोल्याकडच्या मालेगावच्या बाजारात खेमा नावाच्या कारागिराने मला आणि माझ्या उजव्या बहिणीला घडवलं. वर जाड चामडं, खाली टायरचा सोल. "काकू, पाय झिजंल, पन हे नाई झिजनार," असं म्हणत त्याने आम्हाला पंचफुलाच्या पुढ्यात ठेवलं. ती चार पावलं चालली, "चावते रे बावा," म्हणाली, आणि तरी आम्हाला घेऊन गेली.

गावाबाहेर तिचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. भाजी तोडायची आणि सकाळी बाजारात जाऊन बसायचं, हा तिचा रोजचा क्रम. वाफ्यांना पाणी देताना चिखल होतो, म्हणून मला बांधावर काढून ती अनवाणीच आत उतरायची. लोक म्हणायचे, "पंचफुलाचे तळवे म्हनजे फत्तर!" तिला त्याचा मोठा अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू?

मग तिला साखरेचा आजार जडला. गोळी कधी घ्यायची, कधी विसरायची. एकदा बाजारातून परतताना मी तिच्या पायातून निसटले आणि रस्त्यातच राहिले. ती मात्र एक पाय उघडा टाकत चांगली पंचवीस पावलं पुढे गेली. तिला कळलंच नाही! मागून येणाऱ्या सुनेने, साधनाने, मला उचललं. "आत्याबाई, चप्पल इसरले तुमी!" सगळे हसले. असं चार-पाच वेळा झालं आणि दर वेळी सगळे हसलेच. अहो, पायातली वहाण गळाली हे पायाला कळू नये? मी जीव तोडून ओरडत होते, पण वहाणेचं ऐकतो कोण!

गेल्या उन्हाळ्यात मळ्यातली विहीर खोल करायला घेतली. एका दुपारी विहिरीची कड ढासळली आणि तिचा मुलगा दिनेश खाली मातीत अडकला. दोन तास माणसं माती उपसत होती. पंचफुलाने काठावर उभं राहून हात जोडले. "केदारनाथा, माह्या लेकराले वर काढ! तुह्या डोंगरावर अनवानी येईन मी." दिनेश जिवंत वर आला. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, पण 'अनवाणी' हा शब्द ऐकून मी धास्तावले.

यंदा मे महिन्यात तिघं निघाली. अकोल्याहून रेल्वे, पुढे दोन दिवस बस आणि जीप. जिथून डोंगराची चढण सुरू होते त्या गौरीकुंडाला पंचफुलाने आम्हा दोघी बहिणींना काढलं. साधनाने आम्हाला वायरच्या पिशवीत ठेवलं. "लागली तं घालजा, आत्याबाई." दिनेश हसला, "मायच्या तळव्याले काई होत नाई."

वाट दगडांची, वर चिखल आणि खेचरांची लीद. पिशवीच्या जाळीतून मला तिचा डावा पाय दिसत होता. एका वळणावर खेचराच्या नालेतून निघालेला खिळा चिखलात उभा होता. तिचा पाय नेमका त्यावर पडला. ती थांबलीसुद्धा नाही. पुढच्या दगडावर लाल डाग उमटला, त्याच्या पुढच्यावरही. सगळे वर बर्फाच्या शिखरांकडे बघत चालले होते.

तासाभराने चहाच्या टपरीवर साधनाचं लक्ष गेलं. "अवं माय! रगत! आत्याबाई, खिळा घुसला ना तुमच्या पायात!"

पंचफुलाने पाय उलटा करून पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. "मले तं काईच दुखून नाई राह्यलं! देवानं माहा पाय हातात धरला, पोरी."

साधना रडकुंडीला आली. "घोड्यावर बसा, नाई तं चप्पल तरी घाला."

"नवस मोडू? माह्या लेकराच्या जीवासाठी बोलली मी."

दोघींनी दिनेशकडे पाहिलं. त्याने खिळा उपटून काढला, रुमाल बांधला आणि मान खाली घातली. नवस त्याच्याच जिवाचा होता ना! मोडला आणि काही झालं तर? "हळू चाल, माय," एवढंच तो म्हणाला. मी पिशवीत तडफडत होते.

दर्शन झालं. देवापुढे ती ढसाढसा रडली. इतकं समाधान मी कुणाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नाही, हेही सांगायलाच हवं.

अकोल्याला उतरेपर्यंत पाय सुजून काळा पडला होता. डॉक्टरांनी विचारलं, "दुखलं नाही?" ती म्हणाली, "नाई." तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, साखरेमुळे पायाची जाणीव कधीच गेली होती. घोट्याच्या वरून डावा पाय कापावा लागला.

घरी आल्यावर मला टाकून द्यायला दिनेशने उचललं, पण तो ओट्यावरच बसला आणि हुंदके देऊ लागला. "म्या म्हनाले पायजे होतं वं माय, का चप्पल घाल. म्या म्हटलंच नाई."

पंचफुला खाटेवर बसली होती. ती रागावली नाही. "तू सांगतलं असतं तं म्या आयकलं असतं रे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी आईचा उरलेला पाय मांडीवर घेतो आणि बोटाबोटांतून पाहतो. ती लाजते, "सोड रे, लोक पाह्यतीन," म्हणते. तो सोडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही साखरेचा आजार असलेलं कुणी वडीलधारं असेल. त्यांना दुखतं का, एवढंच विचारून थांबू नका. ते नाही म्हणतील आणि ते खरंच सांगत असतील. आज त्यांचा पाय मांडीवर घ्या आणि तळवा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ते नको नको म्हणतील, तरी घ्या.