बोटीची आणि बोटाची

"जपून हो भावजी, फाटेल," वहिनी म्हणाल्या.

"नाही फाटत. माझंच ठिगळ आहे, मला ओळखतं," तो म्हणाला आणि जुनं ठिगळ सोडवायला गरम हवेचं नळकांडं त्याच्या कडेवर फिरवू लागला.

हवेच्या रबरी बोटी दुरुस्त करण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. दुकानाच्या पाटीवर नुसतं 'बोट दुरुस्ती' लिहिलेलं. पाटी लागली त्याच दिवशी थोरला भाऊ, दादा, बोटाला चिंधी गुंडाळून कण्हत कण्हत दारात हजर झाला होता. "डॉक्टर, बोट कापलंय हो! दोन ठिगळं मारून द्या." सगळा रस्ता हसला. तेव्हापासून त्याचं नावच डॉक्टर पडलं. खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघायचा नाही.

ही बोट दादाची. दर सुट्टीला तळ्यावर नेऊन गळ टाकून बसायचा आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत यायचा. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरने तिला हे ठिगळ लावून दिलं, आणि तिसऱ्याच दिवशी तळ्याच्या मध्यावर ते सुटलं. दादा पोहत, दोरीने बोट ओढत काठाला आला. दुकानात येऊन म्हणाला, "अरे, तुझं ठिगळ सुटलं."

नेमकी चार गिऱ्हाइकं समोर उभी. डॉक्टर तडकला. "माझं ठिगळ सुटत नसतं. दगडावर घासली असशील. वापरायची अक्कल नाही तर कशाला पाण्यात घालतोस?"

असं बोलला. थोरल्या भावाला, चारचौघांत. दादा निघून गेला. रात्री मात्र त्याचा फोन आला. "डॉक्टर, मी नीट उघडून बघितलं. चूक बोटीची नाही रे, बोटाची आहे."

"तुला सदा न् कदा थट्टाच सुचते!" म्हणून याने फोन आपटला. झालं, तेवढंच. त्यानंतर लग्नकार्यात दोघं दोन टोकांना बसायचे. चार महिन्यांपूर्वी दादा गेला, तेव्हाही हा माणसांच्या मागे उभा राहिला आणि तसाच परतला.

आणि आज वहिनी बोट घेऊन आल्या होत्या. मुलीला हवी आहे म्हणाल्या, बाबांची आठवण म्हणून.

अर्धवट सुटलेलं ठिगळ आता पूर्ण निघालं. त्याने ते उलटं करून उजेडात धरलं आणि तसाच थांबला. ठिगळ चिकटवायच्या वाळलेल्या सोल्युशनवर एका बोटाचा ठसा होता. स्वच्छ, रेघारेघांसकट. मधोमध आडवा व्रण. तोच व्रण त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर होता, शिकाऊ असताना कात्री लागली होती त्याचा.

सोल्युशन वाळलं का ते उलट्या बोटाने, नखाच्या बाजूने बघायचं, पेर टेकवायचं नाही, पेराला तेलकटपणा असतो, तिथून ठिगळ सुटतं. हे तो येईल त्याला शिकवायचा. त्या दिवशी दादा शेजारी उभा होता. "आटप रे, मासे वाट बघतायत," म्हणत होता. हा हसत होता. हसता हसता टेकवलं असणार.

बोटाची चूक. दादा थट्टा करतच नव्हता.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. "दगडच लागला होता ना?"

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. तसं म्हणायला त्याची जीभ दोनदा वळली.

"नाही वहिनी. दादा खरं बोलत होता. माझीच चूक होती. हे बघा, माझं बोट."

वहिनींनी ठसा बघितला, मग त्याचा हात.

"मी किती वेळा म्हटलं, दुसऱ्या कारागिराला दाखवा," त्या म्हणाल्या. "तर म्हणायचे, नको. तो उघडेल, त्याला दिसेल, आणि उद्या डॉक्टरचं दुकान बसेल. काय दिसेल ते मला कधीच सांगितलं नाही. अकरा वर्षं तळ्याकडे फिरकले नाहीत, भावजी. काठावर बसायलासुद्धा नाही."

"मला एकदा नीट सांगायचं होतं ना त्याने!" तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच आठवलं, की सांगितलं होतं.

त्याने जुनं सोल्युशन घासून काढलं, नवं ठिगळ कापलं, दोन्हीकडे सोल्युशनचा हात मारला आणि वाळायची वाट बघत स्टुलावर बसला. उलटं बोट सोल्युशनपाशी नेलं, पण टेकवेना. समोरचं काही धड दिसतच नव्हतं.

"वाळलं का?" वहिनींनी विचारलं.

त्याने डोळे पुसून बोट टेकवलं. सोल्युशन पार कोरडं झालं होतं.

"जास्तच वाळलं, आता चिकटणार नाही. घासून पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

"करा," वहिनी म्हणाल्या. "आता कसली घाई."