कातड्यावरच्या खुणा

बाबांच्या जनाज्याला मुल्लांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "हा माणूस कसा होता?" सगळे म्हणाले, "चांगला होता." बाबांचे जुने सोबती झुमाकान आजोबा तेवढे गप्प राहिले. ते पहिल्या रांगेत उभे होते, त्यामुळे त्यांचं गप्प राहणं मागच्यांनाही ऐकू गेलं.

आम्ही बायका घरात होतो. मला हे महिन्याभराने कळलं. मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी मी जिल्ह्याच्या गावाहून, शाळेची रजा काढून आले होते. आई तळायच्या बाउरसाकांची कणीक मळत होती.

"गप्प का राहिले?" मी विचारलं.

"तुझ्या बाबांनी त्यांना सिरालगी नाकारली म्हणे."

मला ते खरंच वाटेना. बाबा गरुडाची मादी हातावर घेऊन कोल्ह्यांच्या शिकारीला जायचे; तिला आम्ही नुसतं पक्षीण म्हणायचो. शिकारीहून परतणाऱ्याला वाटेत कोणी 'सिरालगी' म्हटलं की खोगिराच्या मागच्या वादीला बांधलेली शिकार सोडायची आणि मागणाऱ्याच्या हातात द्यायची. मागणारा वैरी असला तरी. आमच्या गावातल्या अर्ध्या टोप्या बाबांच्या कोल्ह्यांच्या आहेत. झुमाकान आजोबांच्या डोक्यावरचीसुद्धा.

"कधी नाकारली?"

"गेले त्याच्या चार दिवस आधी. शेवटचा कोल्हा. घरी आले ते तोंड मिटूनच. कातडं सोलून मागे टांगलं, मांस नेऊन दरीत टाकलं."

"टाकलं? पक्षिणीला नाही दिलं?"

"नाही. मी विचारलं नाही, आणि तूही आता कोणाला विचारू नकोस. परवा लोक जेवायला यायचेत." आईने कणकेवर फडकं टाकलं.

मी मागच्या कोठीत गेले. कातडं फळीवर आतली बाजू वर करून ताणलेलं होतं. कातडं वाचायला मला बाबांनीच शिकवलं, अक्षरांच्याही आधी. गरुडाने धरलेल्या कोल्ह्याच्या तोंडावर एका पंजाची भोकं असतात, कमरेवर दुसऱ्याची, आणि भोकांभोवती रक्त साकळलेलं असतं. मी बोटाने चाचपत गेले. तोंडावर काही नाही. कमरेवर काही नाही. पुढच्या उजव्या पायावर मात्र केसच नव्हते. कातडीवर दातांचे ओरखडे होते, आणि दात कोल्ह्याचे स्वतःचेच होते.

गवताच्या भाऱ्यांमागे सापळाही सापडला. लोखंडी, साखळीचा. त्याच्या जबड्यात तांबूस केस अडकलेले होते.

बाबा सापळ्याला शिवी दिल्यासारखे 'आंधळ्याचा हात' म्हणायचे. म्हणायचे, ज्या कोल्ह्याला निसटायला वाव नव्हता तो मारला म्हणावं, शिकार झाली म्हणू नये. गरुड दहांतले सात कोल्हे चुकवतो, त्या सातांमुळे उरलेल्या तिघांना शिकार म्हणायचं. हे मी शाळेत मुलांना कितीदा सांगितलं आहे. आता मला दुसऱ्याच गोष्टी आठवू लागल्या. मी शरदात घरी आले होते तेव्हा त्यांना सुईत दोरा ओवता आला नव्हता. पक्षीण नऊ हिवाळ्यांची झाली होती आणि जड उडत होती. माणूस पन्नास वर्षं एका गोष्टीसाठी ओळखला जातो, आणि मग एका हिवाळ्यात ती गोष्ट जमत नाही. तेव्हा तो काय करतो, हे मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं.

बाबांच्या पक्षिणीला आता माझा चुलतभाऊ बागलान सांभाळत होता. मी गेले तेव्हा तो तिला उंबरठ्याजवळ उन्हात बसवून मांसाचे तुकडे पाण्यात धूत होता.

"ये, मास्तरीणबाई. हिचीही परीक्षा घ्यायला आलीस?"

"बाबांचा शेवटचा कोल्हा कुठे धरला रे हिने?"

"काळ्या कड्याकडे." त्याने मान वर केली नाही.

"तू होतास?"

"मी? मी त्या दिवशी पाहुण्यांबरोबर होतो. ते कॅमेरेवाले आले होते ना."

"मग कड्याकडे धरला ते तुला कसं माहीत?"

"ताई, काका रोज तिकडेच जायचे! काय पोलिसासारखी विचारतेस? बघ, ही पण तुला घाबरली."

पक्षीण डोळ्यांवर चामड्याचं टोपडं घालून शांत बसली होती. मांसाचा तुकडा बागलानच्या हातून दोनदा पाण्यात पडला. तो काहीतरी लपवतो आहे हे मला दिसलं. पण मला वाटलं, बाबांचंच लपवतो आहे. काकाची अब्रू पुतण्या झाकतो आहे. उलट त्याच्याबद्दल मला माया वाटली.

संध्याकाळी मी चुलीशी बसले, कातडं मांडीवर घेऊन. चूल पेटलेली होती. कातडं आत घातलं असतं तर बाबांबद्दल गावात एवढंच राहिलं असतं, की म्हातारा शेवटी जरा चिक्कू झाला. सापळेवाला होण्यापेक्षा ते परवडलं असतं. मी चुलीचं झाकण उघडलंही. मग आई पाणी घेऊन आत आली आणि मी ते बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कातडं गुंडाळून झुमाकान आजोबांकडे गेले. माफी मागायचं ठरवलं होतं. काय बोलायचं तेही रस्ताभर जुळवत होते.

"ये, काबदेशच्या लेकी," ते म्हणाले. त्यांची नजर आता पाचसहा पावलांपलीकडे जात नाही. दारातल्या माझ्या हाकेवरून ओळखलं. "चहा घे. चहात मीठ कमी असेल तर सुनेला सांगू नकोस, चिडते."

मी कातडं त्यांच्यापुढे ठेवलं. "हा तुमचा कोल्हा, आजोबा. बाबांनी द्यायला हवा होता."

"हवा होता. मी काही टोपीचा भुकेला नव्हतो. पण एवढ्या वर्षांच्या सोबत्याने तोंडावर 'हा देता येणार नाही' म्हणावं? कारण नाही, काही नाही. घोडा हाकून गेला." बोलता बोलता त्यांची बोटं कातड्यावर फिरू लागली होती. तोंड, मान, कंबर. उजव्या पायाशी ती थांबली.

"सापळा," ते म्हणाले.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"कालपासून."

"आणि तरी घेऊन आलीस." ते म्हणाले. मग बोटं पुन्हा निघाली, छातीपर्यंत आली, आणि पुढच्या पायामागे एका बारीक चिरेवर टेकली. "इथे सुरी आहे. सरळ काळजात. सापळेवाला सुरी कशाला चालवील? कातडं बिघडतं. तो काठी घालतो. हे कोणीतरी जनावराला हालांतून सोडवायला केलंय. त्या दिवशी पक्षिणीला खायला घातलं होतं का?"

"नाही. मांस दरीत टाकलं."

"तरीच. तिने न धरलेलं तिला भरवायचं नव्हतं त्याला. ती हातावर भुकेने ओरडत होती, मी ऐकलं. मला वाटलं, म्हातारा तिच्याशीही चिक्कूपणा करायला लागला." एकाएकी त्यांनी पेला खाली ठेवला. "कोल्हा वादीला नव्हता!"

"म्हणजे?"

"शेपूट खोगिराच्या पुढे लोंबत होती. पुढे! गोणीतून. मला लाल दिसलं आणि मी ओरडलो, 'वादीला चरबी लागो, सिरालगी!' वादी बघितलीच नाही मी. अगं पोरी, सिरालगी वादीवरच्या शिकारीची असते. गोणीतल्या ओझ्याची कोण मागतं? त्याने दिला असता तर ती शिकार होती असं झालं असतं. खोटं झालं असतं." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. "मला म्हणाला असता, 'गाढवा, वादी बघ', तर?"

"मग तुम्ही विचारलं असतं, सापळा कोणाचा." बागलानची उत्तरं मला आता वेगळी ऐकू आली, ती मी त्यांना सांगितली.

"विचारलं असतं," आजोबा म्हणाले. "उद्या विचारीन."

चाळिसाव्याला घर भरलं होतं. जेवणाआधी हात धुवायला बागलान किटली आणि घंगाळ घेऊन फिरत होता. तो झुमाकान आजोबांपुढे आला. त्यांनी हात पुढे केले नाहीत. मांडीखालून कातड्याची गुंडाळी काढली आणि उलगडून घंगाळावर ठेवली.

"बागलान, वाच."

मी दाराशी ताटं घेऊन उभी होते. बागलानने कातड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कॅमेरेवाल्यांना दोन दिवसांत शिकारीचं चित्र हवं होतं," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "कोल्हा मिळेना. मी सापळा लावला. काकांची पक्षीण नेली होती, पाय मोडलेला कोल्हा तिच्यापुढे सोडणार होतो. तेवढ्यात काका आले. पाहुण्यांशी एक शब्द बोलले नाहीत. कोल्हा मारला, गोणीत घातला, सापळा उचलला, पक्षीण घेतली. मला म्हणाले, 'हिला असलं शिकवू नकोस. कातडं वाळलं की तुझ्या दारावर टांगीन.'"

"आणि ते गेले, तू गप्प राहिलास," आजोबा म्हणाले.

"तुम्हीही गप्प राहिलात, आजोबा. जनाज्यात. मी तुमच्या मागेच उभा होतो."

कोणीतरी "अरे!" केलं. आजोबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"खरं बोलतोय तो." ते भिंतीला धरून उभे राहिले. सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मुल्लांना विचारलं, "आता सांगितलं तर चालतं का?"

मुल्ला म्हणाले, "चालतं."

"काबदेश चांगला माणूस होता."

आईने डोक्याच्या रुमालात तोंड लपवलं. मी ताटं खाली ठेवली. पुरुष माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. लेक बापासाठी कातडं घेऊन दारोदार गेली, असं नंतर म्हणाले. मी कोणालाही सांगितलं नाही की मी ते कातडं घेऊन निघाले तेव्हा बाबांचा गुन्हा कबूल करायला निघाले होते.

मेच्या सुरुवातीला कड्यावरचं बर्फ उतरलं. म्हाताऱ्या होत चाललेल्या पक्षिणीला रिवाजाप्रमाणे बाबा याच वसंतात रानात मोकळी सोडणार होते. मी आणि बागलान तिला वर घेऊन गेलो. त्याने पायाची दोरी सोडली, टोपडं मी काढलं. तिने आमच्या दोघांकडे पाहिलं. मग बराच वेळ ती तिथेच बसून राहिली.