अंगठ्याएवढा खळगा

तिने जेवणाच्या टेबलावर समुद्रकिनारा मांडला, की घरातल्यांनी ताटं मांडीवर घेऊन जेवायचं, हा त्या घरातला अलिखित नियम होता. सार्वजनिक बागा आखणं हा तिचा धंदा. पण कॉम्प्युटरवर रेघ ओढायच्या आधी ती सगळं ओल्या मातीत करून बघायची. हाताला पटल्याशिवाय डोळ्यांना दाखवायचं नाही, असा तिचा हट्ट. हा हट्ट सर्वांत जास्त फळला तो तिच्या सासऱ्यांना. ते एके काळचे गणिताचे मास्तर. आता त्यांची दृष्टी पार गेली होती. संध्याकाळी ती त्यांचा हात धरून मातीवरून फिरवायची, हा घसरायचा उतार, ही दोरांची जाळी, इथून पुढे पाणी, असं सांगायची आणि मास्तर बसल्या जागी किनाऱ्यावर चक्कर मारून यायचे.

पालिकेने आखायला दिलेला हा किनारा मोठ्या माणसांनीही खेळावं असा करायचा तिने चंग बांधला होता. पालिकेच्या बांधकाम खात्याच्या मोठ्या साहेबांना मात्र किनाऱ्यावर कुणी खेळेल, याचीच धास्ती. पहिल्या बैठकीत उतार गेला, कारण लोक पडतील. मग जाळी गेली, कारण लोक अडकतील. जमिनीतून उडणारी कारंजी गेली, कारण लोक भिजतील. समुद्राच्या काठी येऊन भिजायचं नाही, हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सगळ्या कापाकापीतून वाचला तो काँक्रीटचा एक लांबोडका उंचवटा आणि त्याच्या पोटातला खळगा. नकाशावर त्या नुसत्या चार वाकड्या रेषा होत्या, म्हणून साहेबांनी त्यांना हरकत घेतली नाही.

खरं सांगायचं, तर तो खळगा तिलाही ठाऊक नव्हता. मॉडेलची मापं मशीनने घेऊन झाली, तेव्हा तो पहिल्यांदा तिला स्क्रीनवर दिसला. तिरका, एका टोकाला खोल आणि मधून आडवा बारीक वळ गेलेला. कामात बुडाली की तिला आपण काय केलं याची शुद्ध नसायची. आपणच कधीतरी केलं असणार, असं म्हणत तिने तो बघितला, आणि तिला तो इतका आवडला की वळासकट तसाच ठेवला.

काँक्रीट वाळून साच्याच्या फळ्या निघाल्या त्या दुपारीच पोरांनी तो शोधून काढला. दोरी बांधली, तर दोरीखालून गेली. साहेब पाहणीला आले आणि त्यांचा पारा चढला. खळगा भरा, वरून सपाट करा, हिरवळ लावा आणि हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी ठोका, असा हुकूम सुटला. तिने भर बैठकीत नाही म्हटलं. पुढची कामं मिळणार नाहीत, असं साहेबांनी शांतपणे सुनावलं.

"नका देऊ. पण माझं एवढं एक झालेलं काम मी बुजवू देणार नाही," ती म्हणाली.

घरी नवऱ्याने जरा सबुरीने घे म्हणून सांगून पाहिलं. तोवर मास्तर चपला चाचपायला लागले होते.

सकाळी काँक्रीटची गाडी ड्रम फिरवत उभी राहिली, तेव्हा खळग्याच्या तळाशी सून आणि सासरे बसलेले होते. गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. फिरायला आलेली माणसं थांबली, पोरं तर आधीपासून होतीच. तळाशी वारा लागत नव्हता आणि समुद्र मात्र अगदी कानाशी ऐकू येत होता. मास्तरांचा हात सवयीप्रमाणे भिंतीवरून फिरत होता. तो त्या आडव्या वळाशी अडला. त्यांनी वळ पुन्हा चाचपला, मग दुसऱ्या हाताने स्वतःचा अंगठा चाचपला. त्यावरही तसाच आडवा वळ होता, डब्याचा पत्रा लागून पडलेली पार लहानपणची खूण.

"सूनबाई, हा तर माझा अंगठा आहे. माती ओली होती, जरा जोरात दाबला गेला असेल."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू आवरेना. आता तर हा खळगा बुजवणं म्हणजे सासऱ्यांच्या अंगठ्यावर काँक्रीट ओतणं होतं, आणि ते तिच्या हयातीत होणार नव्हतं.

तेवढ्यात साहेब आले. हात धरून बाहेर काढतो, असं म्हणत ते थेट खोल बाजूने उतरायला गेले, आणि पाय घसरून, बसल्या बसल्याच सरळ तळाशी आले. पोरं खिदळली. साहेब उठले, चढू लागले, अर्ध्यातून घसरून परत आले. पुन्हा तेच. अंगठ्याच्या मुळाकडची बाजू उथळ होती, तिथून मास्तर आरामात चालत आले होते. ते तिला माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं. दोघांनी तोंडातून शब्द काढला नाही.

"पळत सुटावं लागतं," शेवटी मास्तर म्हणाले. "तो वळ आहे ना, त्यावर पाय रोवा आणि थांबू नका."

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. मग पँट गुडघ्यापर्यंत ओढली आणि ते पळाले. वळावर पाय रोवला, हात हवेत गेले, आणि ते काठावर पोचले. पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेब धापा टाकत उभे होते. तोंडावर राग आणायची त्यांची धडपड चालली होती, पण तो काही येत नव्हता.

"टाकू का, साहेब?" गाडीवाल्याने विचारलं.

"थांब जरा," साहेब म्हणाले, आणि काठावर बसून त्यांनी बूट काढायला घेतले.