पोटात निलगिरी, पोटावर खोकल्याची चिठ्ठी

मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे आणि गेल्या मंगळवारी मला छोट्या पायलसोबत ऑटोतून अमरावतीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. पण मित्रांनो, असं काही झालंच नाही, असं वलगावच्या आमच्या घरात सर्वानुमते ठरलं आहे. तेव्हा तुम्हीही ते वाचलं नाही असं समजा. मी आपली जन्मापासून सुरुवात करते.

कारखान्यात माझ्यात गोड औषध भरलं आणि पोटावर चिठ्ठी चिकटवली : 'खोकल्यासाठी. दोन चमचे, दिवसातून तीन वेळा.' जानरावांच्या घरी आले आणि आठवडाभरात रिकामी झाले. दुसऱ्या घरी असते तर भंगारात गेले असते. पण त्यांच्या पत्नी इंदूबाई यांच्या राज्यात झाकण शाबूत असलेली बाटली मरत नाही. त्यांनी मला गरम पाण्यानं धुतलं, उन्हात उलटं ठेवलं आणि सुटं आणलेलं निलगिरीचं तेल माझ्यात ओतलं. चिठ्ठी तेवढी तशीच राहिली. इंदूबाई बाटल्या वाचत नाहीत, हुंगतात.

नवी नोकरी मानाची होती. नाक चोंदलं की रुमालावर माझा एक थेंब. नाक मोकळं, डोकं हलकं. चिडका माणूसही दोन मिनिटं शहाण्यासारखा बोलायचा. खोबरेलात मिसळून गुडघ्याला चोळलं की आधी गार, मग ऊबदार. सगळे निवांत व्हायचे. मी सोडून. पोटात एक आणि पोटावर भलतंच असलं की झोप लागत नाही. घरात कुणाला वाचता येतं, याचीच मला धास्ती होती.

जानरावांना येत होतं. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. एकदा एका काळीपिवळीवर 'वरूड' लिहिलं होतं आणि ड्रायव्हर 'अकोला, अकोला' ओरडत होता. जानराव पाटी वाचून बसले आणि अकोल्याला उतरून म्हणाले, "वरूड लय सुधारलं बुवा!"

त्या मंगळवारी जानरावांची सून, पायलची आई भावना नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात कामावर होती. इंदूबाई चक्कीवर गेल्या होत्या. त्यांची चार वर्षांची नात पायल खोकत होती. जानरावांना स्वतःलाच सर्दी. नाक पूर्ण बंद. त्यांनी मला फळीवरून खाली घेतलं, चष्मा लावला, चिठ्ठी दोनदा वाचली आणि चमचा भरला.

पायलनं बरंचसं थुंकलं. थोडं आत गेलंच.

"आबा, तोंड जळून राह्यलं!"

"औषध आहे ते, लाडू नाई."

ते दुसरा चमचा भरत होते, तोच पिठाचा डबा घेऊन इंदूबाई दारात आल्या. "निलगिरी कोणं सांडली?" आणि मग त्यांना चमचा दिसला.

"अवो, काय पाजून राहिले तुमी तिले?"

"खोकल्याचं. लिवलेलं आहे."

"डोयानं वाचलं! नाक काय इस्त्री करून पेटीत ठेवलं काय?"

तेवढ्यात पायलची मान कलली. इंदूबाई मिठाचं पाणी घेऊन धावल्या, पण आरडाओरडा ऐकून आलेल्या शेजारच्या प्राजक्तानं, गावच्या आशा आरोग्यसेविकेनं, त्यांचा हात धरला. "आजी, उलटी नका करवू. तेल छातीत गेलं तं आणखी बिघडते. चला दवाखान्यात. बाटली संग घ्या."

ऑटोत मी जानरावांच्या मुठीत होते. ते सारखी माझी चिठ्ठी वाचत होते, जणू या वेळी तरी ती काही वेगळं सांगेल. पायलचे डोळे मिटत होते.

"पायल, झोपू नको माय. आबाले शिव्या दे, पण झोपू नको."

डॉक्टरांनी मला हुंगलं. म्हणाले, हे तेल बाहेरून सुगंध आहे, पोटात विष आहे. लहान मुलाच्या पोटातून ते काही मिनिटांत मेंदूवर चढतं. गुंगी येते, झटके येतात, श्वास मंदावतो. भावना कारखान्यातून थेट आली, केसांत कापसाची फुलं तशीच. तिनं चिठ्ठी वाचली, सासऱ्यांकडे पाहिलं आणि चिठ्ठी भिंतीकडे वळवून मला टेबलावर ठेवलं. त्यापेक्षा तिनं मला फोडलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पायल उठून बसली. "मले समोसा पायजे," म्हणाली. जानराव तोंड फिरवून रडले.

घरी आल्यावर ठरलं, काही झालं नाही. आणि काही झालंच नाही म्हटल्यावर सुधारायचं तरी काय? चिठ्ठी तशीच आहे. मला फक्त एक फळी वर ठेवलं आहे. पायल मात्र वाढते आहे, उद्या तिचा हात तिथेही पोचेल.

सबब मित्रांनो, घरोघरच्या समस्त बाटल्यांतर्फे अर्ज करते की, आमच्या अंगावरचं जुनं नाव खरवडून आत काय आहे ते लिहिण्यात यावं आणि आम्हाला लेकरांपासून दूर, कुलपात ठेवण्यात यावं. हे शक्य नसल्यास प्रत्येक बाटलीला आयुष्यात एकदा, चमचा ओठांजवळ पोचण्यापूर्वी, मोठ्यानं 'नको' असं ओरडण्याची लेखी परवानगी तातडीनं देण्यात यावी, ही विनंती.