ट्वायलाबाईंचा तांब्याचा सेंट

"आजोबा, तुम्ही मध्येच हात वर केलात. काही चुकलं का?" दिग्दर्शकाने विचारलं.

ऑर्विल स्टॅडलर ओशाळला. कॅमेरा चालू असताना हलायचंसुद्धा नाही, असं त्याला सकाळीच बजावलं होतं. पण राहवलं नाही.

"नाणं धरलंय बरोबर. बोटांनी नुसत्या कडा, तसंच धरायचं. चूक गोष्टीत आहे," तो म्हणाला. "ही विधवाबाई नाणं घासून लख्ख करून आणते आणि दुकानदार खूश होतो. कसा होईल खूश? सतराशे चौऱ्याण्णवचा तांब्याचा सेंट आहे तो. दोनशे वर्षांत अंगावर जो तपकिरी रंग चढतो, तोच त्याचा जीव. घासलं की संपलं."

सगळे लेखकाकडे बघू लागले. लेखक कागदांकडे.

ओहायोतल्या झेन्सव्हिल गावात, नाण्यांच्या एका दुकानात, ऑर्विलने अडतीस वर्षं नोकरी केली. देशाची अगदी पहिलीवहिली नाणी त्याच्या हातांखालून गेली, घरी मात्र एकही आलं नाही. निवृत्तीनंतर तो बायको व्हर्नाबरोबर टीव्हीवर मालिका बघायचा. याच मालिकेत एकदा सतराशे नव्वद सालचा चांदीचा डॉलर दाखवला, तेव्हा त्याने मालिकावाल्यांना पत्र लिहिलं, की पहिला डॉलर पाडला गेला तोच मुळी चौऱ्याण्णव साली. व्हर्ना हसली होती. "त्या लोकांना काय पडलंय रे तुझ्या सनावळीचं?"

पण मालिकेसाठी लागणारं सामान जमवणाऱ्या रेनाटाचा फोन आला. "तुमचं पत्र भिंतीवर लावलंय मी. पुढच्या भागात जुना सेंट आहे. येऊन जरा शिकवाल का आम्हाला?" म्हणून आज तो पिट्सबर्गला आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला त्याच्या माहितीसाठी बोलावलं होतं, आणि त्या आनंदात त्याला सकाळचा नाश्ताही गेला नव्हता.

विधवेचं काम करणारी कोरिन खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. "खरंच कुणी असं घासलेलं नाणं घेऊन आलं, तर काय सांगता हो तुम्ही?"

ऑर्विल घुटमळला. हे त्याने व्हर्नालाही सांगितलं नव्हतं.

"आली होती एक. ट्वायला ब्रँडवॉल्ड. नवरा जाऊन महिना झालेला. त्यानं असाच सेंट चाळीस वर्षं जपला होता, मोज्यात गुंडाळून. बाईंना वाटलं, विकायच्या आधी चांगला दिसावा. खायचा सोडा लावून घासला. कालच पाडल्यासारखा चमकत होता. मालक म्हणाले, तू सांग तिला. मी सांगितलं. म्हटलं, बाई, आता याला किमतीचा दहावा हिस्साही येणार नाही."

"मग?"

"बाईंनी नाणं मुठीत घेतलं. मग म्हणाल्या, म्हणजे आता हे कुणाला नको ना? बरं झालं. मग हे माझ्यापाशीच राहील. आणि घेऊन गेल्या." त्याने चष्मा पुसला. "तीस वर्षं मला वाटतंय, खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? बाईचा नवरा दुसऱ्यांदा नेल्यासारखं केलं मी."

कोरिन हळूच म्हणाली, "तुम्ही बोलला नसतात, तर पुढच्या दुकानात कुणी हसून सांगितलं असतं. तुम्ही हसला नाहीत. ते तिच्या लक्षात राहिलं असणार."

असं कुणी म्हणेल, याची वाट बघत आपण इतकी वर्षं काढली, हे ऑर्विलला त्याच क्षणी कळलं. मान हलवून तो म्हणाला, "आभारी आहे, बाई."

लेखकाने तिथेच बसून प्रसंग नव्याने लिहिला. चित्रीकरण एका दमात झालं. निघताना रेनाटाने व्हर्नासाठी ॲपल पायचा मोठा तुकडा बांधून दिला.

मार्चमध्ये तो भाग लागला. व्हर्ना पाय वर घेऊन बसली होती. पडद्यावर दुकानदार हळू आवाजात सांगत होता, कोरिन ऐकत होती. "मग हे माझ्यापाशीच राहील," ती म्हणाली, आणि नाणं मुठीत घेऊन दाराकडे वळली.

"ही खरीच कुणीतरी होती, हो ना?" व्हर्नाने विचारलं.

"होती."

व्हर्नाने मान वळवून पाहिलं. ऑर्विल खुर्चीतून उठून उभा होता. गिऱ्हाईक निघालं की दुकानात उभा राहायचा तसा, हात बाजूला, मान किंचित झुकलेली. पडद्यावरचं दार लागेपर्यंत तो तसाच उभा राहिला.